हमी कोणाची? पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील मोटारगाड्या आणि त्यांच्या मालकांच्या तक्रारी

मोटारगाडी ज्या गावात घडते त्या गावात तिच्या मालकाचे गाऱ्हाणे सर्वांत लवकर ऐकले जात असेल, असा एक सर्वसाधारण समज असतो. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण आणि तळेगाव ह्या औद्योगिक पट्ट्याचा गेल्या सहा दशकांचा इतिहास ह्या समजास पुष्टी देत नाही. पवनेकाठच्या थेरगावचेच उदाहरण घ्यावे. एका बाजूस चिंचवड-पिंपरीचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूस वाकड-हिंजवडी ह्यांच्यामध्ये हे गाव सापडले आहे. कारखान्यात गाडी जोडणारा आणि तीच गाडी हप्त्यांवर विकत घेणारा, हे दोघे येथे एका आळीत, कित्येकदा एका घरात नांदतात. असे असूनही गाडी बिघडली की कारखान्याचे दार थेरगावच्या मालकास नागपूरच्या मालकाइतकेच दूर असते. त्याचा करार कारखान्याशी झालेला नसतो, विक्रेत्याशी झालेला असतो. आणि कारखान्याचा शब्द त्याच्या हाती येतो तो एका छापील पुस्तिकेच्या रूपाने. हा दस्तऐवज नावाने उत्पादकास बांधणारा असला, तरी व्यवहारात त्याने प्रथम मालकास बांधले. ते कसे घडले आणि ते बंधन सैल करण्याचे प्रयत्न कोठवर पोहोचले, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. मराठीत ‘हमी’ ही माणूस माणसाची घेतो. ‘जामीन’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द तर आजही कागदाचा आणि माणसाचा, दोहोंचा वाचक आहे. जामीन राहणारा गृहस्थ डोळ्यांसमोर असतो, त्याचे घर ठाऊक असते, वेळ आली तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसता येते. इंग्रजीतून आलेले ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हे शब्द मुळात एकाच जर्मानिक धातूची दोन रूपे होत. नॉर्मन बोलीत आरंभीचा ‘व’ टिकला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा ‘ग’ झाला, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे स्वीकारली. आपल्याकडील बाजारात मात्र ह्या जुळ्या शब्दांची रीतसर वाटणी झाली आहे. ‘गॅरंटी’ म्हणजे वस्तू बदलून मिळेल आणि ‘वॉरंटी’ म्हणजे दुरुस्त करून मिळेल, असा भेद दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही निःशंकपणे सांगतात. तो कोणत्याही अधिनियमात लिहिलेला नाही. परंतु लोकांनी तो अनुभवातून काढलेला आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे न्यायालयांचा कलही बव्हंशी तिकडेच गेला.

कायद्यातील ‘वॉरंटी’चा अर्थ १९३० च्या मालविक्री अधिनियमात आहे, आणि तो मालकास फारसा अनुकूल नाही. बाराव्या कलमाप्रमाणे करारातील अट आणि वॉरंटी ह्या भिन्न गोष्टी होत. अट मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी ही कराराच्या मुख्य हेतूस आनुषंगिक असल्याने ती मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. सोळाव्या कलमाने खरेदीदाराच्या प्रयोजनास माल योग्य असावा अशी गर्भित अट काही परिस्थितींत मान्य केली. पण लगेच परंतुक जोडले की विशिष्ट वस्तू तिच्या पेटंट वा व्यापारी नावाने विकत घेतली असेल, तर तशी गर्भित अट नाही. मोटारगाडी तर नावानेच विकत घेतली जाते! तेव्हा नावावर विश्वास ठेवणारा ग्राहक ह्या परंतुकामुळे नाव न घेणाऱ्या ग्राहकापेक्षा दुबळा ठरतो. ह्या कायद्यावर अनेक दशके देशाचा मोटारव्यापार चालला.

तथापि त्या काळी मालकाची मुख्य तक्रार हमीविषयी नव्हती, कारण मुळात गाडी मिळणे हेच दुर्घट होते. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परकीय कंपन्या निघून गेल्या. १९२८ पासून मुंबईत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली काम बंद केले. मोटारींच्या बाजारात मुख्यतः कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेली आणि कुर्ल्यास कारखाना असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, आणि मद्रासची स्टँडर्ड ह्या तीनच संस्था उरल्या. जेथे गिऱ्हाइकांची रांग कारखान्याच्या दारात उभी असते तेथे गाऱ्हाणे ऐकण्याची निकड उत्पादकास नसते. गाड्यांचा दर्जा खालावल्याची ओरड इतकी वाढली की १९६७ साली केंद्र सरकारला मोटारींच्या गुणवत्तेच्या चौकशीसाठी पांडे समिती नेमावी लागली. एका ग्राहकोपयोगी वस्तूच्या बिघाडांसाठी सरकारी समिती नेमली जावी, हीच गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे बोलते. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीही वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे.

पण ह्या टंचाईच्या युगाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे, कारण आजचे अभ्यासक ती सहसा विसरतात. प्रीमियर पद्मिनी असो वा ॲम्बॅसडर, यंत्ररचना वर्षानुवर्षे तीच राहिल्याने ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हातात बसलेली होती. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत उघड्या बाजारात मिळत. कारखान्याने हात झटकले तरी गाडी अडून राहत नसे. मालक आणि मिस्त्री ह्यांच्यात जो व्यवहार होई तो सर्वस्वी बोली भाषेत होई: ‘गाडी ओढत नाही’, ‘मिसिंग मारते’, ‘खालून खडखड येते’. मिस्त्री बॉनेट उघडून कान देई आणि रोगाचे निदान करी. त्याची हमी तोंडी असे, परंतु ती जुन्या अर्थाने हमी होती, कारण तो उद्याही त्याच कोपऱ्यावर बसणार होता.

सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत ग्राहकाची बाजू संघटितपणे मांडण्यास आरंभ झाला, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली. १९८४ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमात दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारप्रथा’ हे प्रकरण आले. पूर्ण होण्याची वाजवी शक्यता नसलेले दुरुस्तीचे किंवा बदलून देण्याचे अभिवचन हीदेखील अनुचित प्रथा होय, असे त्यात प्रथमच स्पष्टपणे म्हटले गेले. दोनच वर्षांनी, १९८६ साली, ग्राहक संरक्षण अधिनियम झाला. ह्या सर्व घडामोडींची खरी कसोटी पुढे लागली, ती पिंपरीत घडलेल्या गाडीच्या निमित्ताने.

टेल्को कंपनीचा पुण्याचा कारखाना १९६६ चा. सुमंत मुळगावकर ह्यांच्या दृष्टीने तो उभा राहिला आणि हत्यारे, साचे, ट्रक अशा क्रमाने वाढला. १९९१ साली सिएरा आणि १९९४ साली सुमो येथून बाहेर पडली. त्यानंतर कंपनीने संपूर्ण स्वदेशी आराखड्याची छोटी मोटार करण्याचे मनावर घेतले. ह्या उद्योगावर सुमारे १७०० कोटी रुपये खर्च झाले, आणि निस्सान कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना सुटा करून पुण्यास आणून पुन्हा उभारण्यात आला. बाह्यरूपास इटलीतील तुरीनच्या आयडिया संस्थेचे साहाय्य होते. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली, तेव्हा काही दिवसांतच एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून तिची मागणी नोंदविली.

त्यानंतर जे झाले ते ह्या पट्ट्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. आवाज, कंपन आणि बांधणीतील ढिसाळपणा ह्यांविषयी मालकांच्या तक्रारी वाढू लागल्या. ट्रक बनविणाऱ्या लोकांची ही मोटार, असा टोमणाही ऐकू येई. २००० – ०१ ह्या वर्षात टेल्कोस सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. ट्रकांच्या बाजारातील मंदी हे त्याचे मोठे कारण होते हे खरे. तरी इंडिकेच्या पहिल्या आवृत्तीने कंपनीच्या नावास जो धक्का दिला तो वेगळाच होता. कंपनीने ठिकठिकाणी मालकांचे मेळावे भरविले, सदोष भाग विनामूल्य बदलून दिले, आणि गाडीची अंतर्रचना सुधारून २००१ साली ‘व्ही टू’ ही दुसरी आवृत्ती आणली. ती यशस्वी झाली आणि इंडिकेचे उत्पादन २०१८ पर्यंत चालले.

ह्या प्रकरणाकडे बहुधा उद्योजकतेची विजयकथा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास त्यात दुसरी एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. येथे गाऱ्हाणे हमीपत्राच्या कलमांतून गेलेच नाही. मालकांनी जे कानाने ऐकले आणि हाताने अनुभवले ते त्यांच्याच शब्दांत कारखान्यापर्यंत पोहोचले आणि कारखान्याने आराखडा बदलला. ह्याचे कारण कंपनीचे औदार्य एवढेच नव्हे. गाडी नवी होती, प्रतिस्पर्धी समर्थ होते, आणि कंपनीचे सर्वस्व पणाला लागलेले होते. अशी स्थिती वारंवार येत नाही. आणि ती नसते तेव्हा एकट्या मालकास कायद्याचा रस्ता धरावा लागतो.

तो रस्ता सोपा नाही. पहिली अडचण ‘ग्राहक’ ह्या शब्दाच्या व्याख्येचीच. इंडिका पुढे मोठ्या प्रमाणावर भाड्याची गाडी झाली, आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांची ने-आण करणाऱ्या कित्येकांचा संसार तिच्यावर चालला. १९८६ च्या अधिनियमात व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नव्हता. १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा भेद विशद केला. स्वतः चालविण्यासाठी टॅक्सी घेणारा ग्राहक ठरतो, दुसऱ्यास चालवावयास देणारा ठरत नाही. एकाच चाळीतील दोघांच्या एकाच जातीच्या गाडीत एकच दोष असला तरी एकास दाद मिळते आणि दुसऱ्यास मिळत नाही, ती अशी.

दुसरी अडचण पुराव्याची. १९८६ च्या अधिनियमाच्या कलम १३(१)(ग) अन्वये, परीक्षणावाचून दोष ठरविता येत नसेल तर मंचाने मालाचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी तरतूद होती. २०१९ च्या नव्या अधिनियमातही ती कलम ३८ मध्ये आहे. तेलाच्या डब्याचा नमुना मोहोरबंद करता येतो. पण चढावर दम टाकणाऱ्या मोटारीचा नमुना कसा घ्यावयाचा? ‘निर्मितीतील अंगभूत दोष’ तज्ज्ञाच्या मताने सिद्ध करा, असा आग्रह धरला जातो आणि तज्ज्ञ बहुधा कंपनीच्याच आश्रयास असतो.

येथे भाषेचाही भाग आहे. मराठीत ‘गाडी बंद पडली’ असे आपण म्हणतो. ह्या वाक्यात कर्ता गाडीच आहे. बंद पडण्याचे उत्तरदायित्व कोणाकडेही जात नाही. कायदा मात्र विचारतो की दोष कोणाचा: आराखड्याचा, जोडणीचा, विक्रेत्याच्या कार्यशाळेचा की चालविणाऱ्याचा? मालक ‘खडखड’ म्हणतो. जॉबकार्डावर तिचे रूपांतर एखाद्या इंग्रजी संक्षेपात होते. आणि गाडी परत नेताना ‘काम समाधानकारक झाले’ अशा अर्थाच्या ओळीखाली मालकाची सही घेतली जाते. तीच तक्रार घेऊन तो पाच वेळा गेला तर त्याच्याजवळ समाधानाच्या पाच सह्या जमतात. जॉबकार्डाच्या प्रती जपून ठेवा, असा सल्ला ग्राहक कार्यकर्ते देतात, तो ह्याच कारणाने.

तिसरी अडचण अशी की दोष सिद्ध झाला तरी मिळावयाचे काय? मारुती उद्योगाविरुद्धच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचेच अभिवचन असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम करता येत नाही. बाजारातील ‘वॉरंटी’चा लौकिक अर्थ तो हाच. २०२१ साली गोव्यातील एका इंडिगो गाडीचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. गाडी २००९ ची घडण, नवी म्हणून विकली गेली २०११ मध्ये, आणि ग्राहकास तिच्या तळाशी गंज आढळला. उत्पादक आणि विक्रेता ह्यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असून विक्रीतील ह्या प्रकाराची उत्पादकास माहिती होती असे दाखविले गेलेले नाही, म्हणून उत्पादक जबाबदार नाही, असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत आहे. पण मालकाने गाडी घेतली होती ती विक्रेत्याच्या नावावर नव्हे, उत्पादकाच्या नावावर. आणि १९३० च्या परंतुकाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

हमीपत्राने मालकास बांधले असे आरंभी म्हटले, त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आहे. २०११ साली एका व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून आयोगाने मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांच्या व्यवहाराची चौकशी केली. अस्सल भाग आणि दोषनिदानाची उपकरणे केवळ अधिकृत कार्यशाळांनाच दिली जातात, आणि स्वतंत्र मिस्त्रीकडे काम केल्यास हमी रद्द होईल अशी अट घातली जाते, असे आढळून आले. चौदा कंपन्यांना मिळून २५४४ कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. त्यात टाटा मोटर्सचा वाटा सर्वांत मोठा, १३४६ कोटींहून अधिक, होता. महिंद्र, मर्सिडीज-बेन्झ, जनरल मोटर्स आणि फोक्सवॅगन ह्या ह्याच पट्ट्यात कारखाने असलेल्या कंपन्याही त्यात होत्या. भाग आणि उपकरणे खुल्या बाजारात उपलब्ध करावीत, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असा आदेश झाला. पुढे अपिले झाली, हे वेगळे सांगावयास नको.

ह्या आदेशाने एक ऐतिहासिक उलथापालथ उघडी पाडली. पद्मिनीच्या काळात गाडी वाईट पण मिस्त्री मालकाच्या हाताशी. नव्या काळात गाडी उत्तम पण तिचे पोट उघडण्याचा अधिकार कंपनीचा. गाडीत संगणक आल्यापासून कान देऊन निदान करणाऱ्या मिस्त्रीची विद्या अपुरी पडू लागली. त्यास ज्ञान कमी पडले म्हणावे तर ते ज्ञान विकतही मिळत नव्हते. थेरगाव-काळेवाडीच्या रस्त्यांवरील गॅरेजमालकांपैकी ज्यांनी कारखान्यांतच उमेदवारी केली असेल, त्यांचीही स्थिती तीच.

ह्या संगणकाचेच दुसरे रूप चाकणच्या संदर्भात प्रकट झाले. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ह्या कंपनीवर असा ठपका ठेवला की तिच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावली चाचणी चालू आहे हे ओळखते आणि तेवढ्यापुरता धूर कमी करते. भारतात चाचण्यांचे काम पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयकडे, आले. प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील उत्सर्जनात लक्षणीय तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी ह्या नावांच्या सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या आज्ञावली बदलण्यासाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. भारतातील निकषांचा भंग झालेला नाही, ही तिची भूमिका कायम राहिली. ७ मार्च २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

इंडिकेशी ह्या प्रकरणाची तुलना करून पाहावी. इंडिकेचा दोष प्रथम मालकास कळला, नंतर कारखान्यास. येथे दोष मालकास कळणे शक्यच नव्हते. गाडी उत्तम चालत होती, आणि धूर दुसऱ्याच्या फुफ्फुसात जात होता. आज्ञावली बदलल्यावर गाडीचा वेग किंवा ‘ॲव्हरेज’ कमी होईल काय, ही मालकाची पहिली चिंता झाली, आणि ती अस्वाभाविक नव्हती. जो दोष त्याला कधी जाणवला नाही त्याच्या निवारणाने त्याचेच नुकसान व्हावे, ह्या परिस्थितीसाठी कोणत्याही हमीपत्रात कलम नव्हते. मराठीतील ‘बिघाड’ हा शब्दही येथे अपुरा पडतो, कारण काहीच बिघडलेले नव्हते. यंत्र जसे योजिले होते तसेच चालत होते.

हमी देणाराच निघून गेला तर काय, हा प्रश्न तळेगावने उपस्थित केला. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना २००८ साली उघडला. २०१७ अखेर कंपनीने शेव्हरोले गाड्यांची भारतातील विक्री थांबविली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले; पुढे हा कारखाना ह्युंदाईने घेतला. हमी आणि सुटे भाग ह्यांची सोय चालू राहील असे कंपनीने मालकांस सांगितले होते. परंतु गाडी विकावयास काढली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न भागांविषयी करते, आणि त्या प्रश्नाची किंमत मालकाच्याच खिशातून जाते.

अलीकडील कायद्यांत ह्या अनुभवांचा काही परिणाम दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटारवाहन अधिनियमात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलाविण्याचे नियम लागू झाले. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली तर सरकार उत्पादकास तसा आदेश देऊ शकते. तोपर्यंत हे काम उत्पादक संघटनेच्या २०१२ च्या ऐच्छिक संहितेवर सोडलेले होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याच्या चौऱ्याऐंशीव्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेली स्पष्ट हमी पाळली गेली नाही तर, हमी देताना आपला निष्काळजीपणा वा कपट नव्हते असे त्याने सिद्ध केले तरी, तो उत्पादन-दायित्वाच्या दाव्यात जबाबदार राहतो. १९३० च्या आनुषंगिक वचनापासून ही फार मोठी मजल आहे. परंतु त्याच अधिनियमातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनास झालेली हानी वगळलेली आहे. सदोष ब्रेकमुळे माणूस जखमी झाला तर ते दायित्व उत्पादकाचे. ब्रेक वर्षभर कुरकुरत राहिला आणि गाडी दर महिन्यास कार्यशाळेत पडून राहिली, तर ते जुन्याच ‘दोष’ आणि ‘सेवेतील उणीव’ ह्या सदरांखाली मागावयाचे. एक सोय मात्र झाली आहे. पूर्वी विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले ते ठिकाण पाहून मंच निवडावा लागे. आता तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. थेरगावचा मालक पुण्याच्या आयोगात जातो, आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय कोठेही असले तरी तिला तेथे यावे लागते.